वावरातलं वेल्डिंग: संयोग की समवाय?

आज जरा लोखंडाबद्दल बोलू. ऑक्टोबर महिना आहे, सोयाबीन सोंगून पडलंय, आभाळ भरून आलंय. आणि मूर्तिजापूरकडच्या एखाद्या वावरात ट्रॉलीचा हुक तुटतो. लाइन गेलेली. अकोला दूर, अमरावती दूर. मग काय करायचं?

तीन गाड्यांच्या बॅटऱ्या काढून वेल्डिंग करता येतं. यात जादू नाही. १८८०च्या दशकात निकोलाय बेनार्दोसनं रशियात विजेचं वेल्डिंग सुरू केलं, तेही बॅटऱ्यांवरच. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असली तरी स्टार्टर फिरवताना शेकडो अँपिअर देते. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ७० ते ९० अँपिअर पुरतात. पण ज्योत टिकायला वीस-पंचवीस व्होल्ट लागतात, म्हणून एक बॅटरी अपुरी. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, असं तिन्ही ओळीनं जोडलं की ३६ व्होल्ट होतात. उरलेल्या दोन टोकांपैकी एक लोखंडाला, एक रॉडला.

आता धोका ऐका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो, बॅटरी फुटते, आम्ल डोळ्यांत जातं. म्हणून बॅटऱ्या गाडीतून बाहेर, उघड्यावर, कामापासून लांब ठेवायच्या. जाड केबल वापरायची. वेल्डरची काळी काच नसेल तर काम करायचंच नाही. गॉगल चालत नाही. थोडं जोडायचं, थांबायचं, बॅटऱ्या-केबल गार होऊ द्यायच्या.

वैशेषिक दर्शनात दोन शब्द आहेत. वेगवेगळ्या वस्तू एकत्र येतात तो संयोग; तो सुटू शकतो. धागे आणि कापड यांचा संबंध तो समवाय. तिथं वेगळं करता येत नाही. वेल्डिंगचा सांधा दिसतो समवायासारखा. पण वावरात घाईनं मारलेला टाका आत किती भिनला, हे वरून कळत नाही. तो संयोगच समजावा.

यातून एक साधा नियम निघतो बघा. त्या हुकावर रिकामी ट्रॉली हळूहळू गावापर्यंत न्यावी. माल दुसऱ्या ट्रॉलीत भरावा. आणि मजूर बाया? त्यांना त्या ट्रॉलीत बसवू नये. पावसात भिजलेलं सोयाबीन वाळवता येतं. माणसाचं तसं नाही.