भरतकामाच्या मशीनवर गोधडी : वारली नक्षीसाठी मोफत सॉफ्टवेअर

डहाणू/तलासरी : गोधडीचे तीन थर धरून ठेवतो तो धावदोरा. कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन असेल, तर हा धावदोरा आपल्याच नक्षीत घालता येतो. त्यासाठी ‘इंकस्केप’ आणि त्याला जोडायचं ‘इंक/स्टिच’ ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. मात्र ती मोबाईलवर चालत नाहीत, कॉम्प्युटर लागतो.

कसं करायचं?
कागदावर नक्षी काढा, मोबाईलने फोटो घ्या. तो इंकस्केपमध्ये उघडून त्यावर रेषा ओढा. इंक/स्टिचमध्ये त्या रेषेला ‘रनिंग स्टिच’ द्या. टाका अडीच-तीन मिलिमीटरचा ठेवा. मशीन ब्रदरचं असेल तर फाईल पीईएस प्रकारात सेव्ह करा. कारखान्यातली बरीच मशीन डीएसटी वाचतात.

काय टाळायचं?
आकार टाक्यांनी भरू नका. गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते, दोराही जास्त जातो. रेषा तुटली की मशीन थांबतं, दोरा कापावा लागतो आणि मागे गाठी दिसतात. म्हणून एकाच रेषेत संपणारी नक्षी निवडा. तारपा नाच त्याला अगदी योग्य : नाचणारे एकमेकांना धरून असतात, त्यामुळे रेषा एकाकडून दुसऱ्याकडे सरळ जाते. खालचा दोरा वरच्याच रंगाचा घ्या. आधी जुन्या साडीच्या तीन थरांवर शिवून बघा.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. नेटवरची आयती ‘वारली’ फाईल विकत घेण्याआधी गावातल्या चित्रकाराला विचारा, आणि त्याच्या रेषेचे पैसे त्याला द्या.