काचेच्या हौदांतील वनस्पतींस खताचा समतोल

शेतांतील पीक आणि काचेच्या हौदांतील पाणवनस्पति ह्यांचा धर्म एकच आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. शोभेच्या माशांबरोबर व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला इत्यादि वनस्पति लावणारांची एक तक्रार नेहमीं ऐकूं येते, ती ही कीं, पानें पिवळीं पडतात व काचेवर शेवाळ धरतें. प्रस्तुत लेखकानेंही शेवाळ दिसतांच सर्व खत बंद करण्याची चूक एकदां केली. पंधरा दिवसांत रोपें खुंटलीं, आणि शेवाळ मात्र वाढतच गेलें.

ह्याचें कारण उघड आहे. स्प्रेंगेल ह्यानें १८२८ सालीं मांडलेला व पुढें लीबिग ह्यानें प्रसिद्धीस आणलेला नियम असा कीं, जें अन्नद्रव्य सर्वांत अपुरें, त्याच्याच मानानें पिकाची वाढ होते. माशांच्या विष्ठेंतून व उरलेल्या खाद्यांतून नत्र आणि स्फुरद मिळतें. पालाश व लोह ह्यांचा मात्र बहुधा तुटवडा पडतो. जुनीं पानें सरसकट पिवळीं पडल्यास नत्राची, जुन्या पानांस बारीक भोकें पडल्यास पालाशची, आणि नवीं पानें फिकट होऊन शिरा हिरव्या राहिल्यास लोहाची उणीव समजावी.

स्फुरद रोखून धरल्यास शेवाळ आटोक्यांत राहतें, असें सीअर्स व कॉनलिन ह्यांनीं १९९६ सालीं प्रतिपादिलें. पुढें टॉम बार ह्या अमेरिकन गृहस्थानें सर्वच द्रव्यें पुरेशीं देऊन दर आठवड्यास निम्में पाणी बदलण्याची रीत प्रचारांत आणली. ह्या रीतींत कोणत्याही द्रव्याचा सांठा आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपलीकडे जात नाहीं, हा मोठा लाभ आहे.

द्राक्षबागाइतदारांच्या कोठारांत असणारीं विद्राव्य खतेंच येथें उपयोगीं पडतात. १०० लिटर पाण्यांत १३:०:४५ हें खत १ ग्रॅम घातल्यास दर लिटरास सुमारें ६ मिलिग्रॅम नायट्रेट व ४ मिलिग्रॅम पालाश मिळतें. ०:५२:३४ हें १ ग्रॅम घातल्यास सुमारें ७ मिलिग्रॅम फॉस्फेट व ३ मिलिग्रॅम पालाश मिळतें. म्हणून आठवड्यास पहिलें दीड ग्रॅम व दुसरें पाव ग्रॅम एवढ्यावर आरंभ करावा, आणि मासे पुष्कळ असल्यास ह्याहूनही कमी द्यावें. चिलेटयुक्त लोह व स्फुरद एकाच दिवशीं देऊं नये. दोहोंचा संयोग होऊन सांका बसतो. प्रकाश जितका प्रखर, तितकी खताची गरज अधिक, हेंही विसरूं नये.

एक सूचना मात्र अवश्य पाळावी. युरिया किंवा अमोनियायुक्त खत हौदांत कदापि टाकूं नये. त्यापासून होणारा अमोनिया माशांचा जीव घेतो. तांबें असलेलें सूक्ष्मद्रव्यांचें मिश्रण कोळंबीस घातक ठरतें. खत मोजून द्यावें, पान पाहून बदलावें. शेतांत जो विवेक आपण बाळगतों, तोच ह्या लहानशा हौदांतही फलदायी होतो.