डोंगरउतार आणि मनुष्याचा हात

सह्याद्रीच्या पायथ्याशी व उतारांवर शेकडो गावे वसलेली आहेत. डोंगराळ मुलखात सपाट जागा थोडी. परंतु घर, शाळा, रस्ता आणि भाताचे खाचर यांना तर सपाट जागाच हवी. म्हणून उतार वरच्या अंगास खोदावयाचा आणि निघालेली माती खालच्या अंगास टाकून जमीन एका पातळीत आणावयाची, हा उद्योग मनुष्य फार पूर्वीपासून करीत आला आहे. पूर्वी हे काम कुदळीफावड्याने वर्षानुवर्षे चाले; आता यंत्राच्या साहाय्याने ते थोड्याच दिवसांत उरकते. कामाचा वेग वाढला, त्याबरोबर धोकाही वाढला.

दि. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगर कोसळून चिखलाखाली गडप झाले. त्या बाजूस गेलेल्या एस. टी. गाडीच्या चालकास नेहमीचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. दीडशेच्या सुमारास माणसे या दुर्घटनेत दगावली. त्या दिवसांत तेथे अतिशय पाऊस झाला होता. उतारावर शेतीसाठी केलेले सपाटीकरणही या अनर्थास साह्यभूत झाले असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले. मनुष्याने हात न लावलेले कडेही अतिवृष्टीने ढासळतात, हे खरे. परंतु जेथे हात लावावयाचा तेथे तरी तो जपून लावणे आपल्या स्वाधीन असते.

उतारावरची माती जागेवर का राहते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. मातीचे वजन तिला खाली ओढीत असते. तिच्या कणांमधील घर्षण आणि चिकटपणा तिला धरून ठेवतात. कोरड्या वाळूचा ढीग केला, तर त्याची बाजू साधारणपणे ३० ते ३५ अंशांहून अधिक उभी राहत नाही, याचे कारण हेच. पावसाचे पाणी मुरले म्हणजे दोन गोष्टी घडतात. एक घनमीटर कोरड्या मातीचे वजन सुमारे दीड टन असते, ते भिजल्यावर दोन टनांच्या घरात जाते. शिवाय कणांमधील पोकळीत साठलेले पाणी कणांना एकमेकांपासून दूर लोटते व घर्षण घटते. ओझे वाढले आणि पकड सैल झाली, की माती खडकावरून घसरू लागते.

यावरून खबरदारीचे नियम सहज ध्यानात येतात. पहिला नियम असा, की उताराचा पायथा तोडू नये. कारण वरच्या मातीस तोच टेकू असतो. तोडणे अटळच असेल, तर तेथे भक्कम भिंत बांधावी आणि पाणी निघून जाण्यासाठी तिच्यात भोके ठेवावीत. कोकणातील गडगा चुन्यावाचून रचलेला असतो. त्याच्या दगडांमधील फटींतून पाणी वाहून जाते आणि भिंतीवर दाब येत नाही. हे शहाणपण जुनेच आहे.

दुसरा नियम भरावाचा. गवत आणि झुडपे न काढता उतारावर माती लोटली, तर ती मूळ जमिनीशी एकजीव होत नाही. म्हणून आधी उतारावर पायऱ्या खणाव्यात. मग सुमारे वीतभर जाडीचे थर घालून, बेताचे पाणी शिंपून, प्रत्येक थर रुळाने दाबावा. भरावाची बाजू साधारणतः दोन हात लांबीस एक हात उंची, याहून अधिक उभी ठेवू नये.

तिसरा नियम पाण्याचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. वरून येणारे पाणी कामाच्या जागेवर पोहोचण्यापूर्वीच चर खणून बाजूस वळवावे. नैसर्गिक ओहोळ भरावाखाली कधीही बुजवू नये. बुजविलेला ओहोळ पावसाळ्यात आपली वाट पुन्हा शोधतो. खोदाई पावसाळ्यापूर्वीच पुरी करावी. वरची सुपीक माती वेगळी राखून नंतर पसरावी आणि तीवर वाळ्यासारखे खोल मुळांचे गवत व झाडे लावावीत. मुळे वरची माती धरून ठेवतात आणि पाने पावसाचा मारा झेलतात.

डोंगर बहुधा पूर्वसूचना देतो. जमिनीस नव्या भेगा पडणे, झाडे अथवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, घराची दारे अडकू लागणे, ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच घर सोडून सुरक्षित जागी जावे आणि अधिकाऱ्यांस कळवावे. सामानासाठी थांबू नये.

डोंगरावर राहणाऱ्यास जमीन खोदल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु कुदळ उचलण्यापूर्वी पाणी कोठून येते, कोठे जाते आणि माती कशाच्या आधारावर उभी आहे, हे तीन प्रश्न ज्याने विचारले, त्याने आपल्याबरोबर खालच्या वस्तीचेही रक्षण केले, असे म्हणावे लागेल.