क्यूआर कोड लावला, पण उधारीच्या वहीचं काय?

आर्णीत आज चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड दिसतो. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली. आता सुट्ट्या पैशांवरून वाद नाही, चिल्लरऐवजी चॉकलेट देणंही कमी झालं. चांगलंच झालं.

पण आपल्या भागातला किराणा फक्त नगदीवर कधीच चालला नाही. शेतकरी पेरणीच्या दिवसांत माल नेतो, कापूस-सोयाबीन विकलं की हिशेब चुकता करतो. मधल्या महिन्यांचा भरवसा क्यूआर कोडमध्ये नसतो, तो तुमच्या वहीत असतो. वही उघडली की गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं. पाऊस, बोंडअळी, पोरीचं लग्न, सगळं बोलतं. स्कॅन करणारा मात्र पैसे गेले की निघाला! उद्या तो ऑनलाइन मागवायला लागला, तर त्याला तुमच्याकडे ओढून आणणारं काय उरलं?

म्हणून तीन कामं आजच करा.

१. उधारी मोबाईलवर लिहा, पण वसुलीचा मेसेज आपोआप जाऊ देऊ नका. आधी स्वतः फोन करा, ख्यालीखुशाली विचारा. माणसाचा मान राहिला तर पैसाही येतो.

२. स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नका, खात्यात जमा झालं का ते बघा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

३. स्कॅन करणाऱ्याशीही नावानं बोला.

पैसा मोबाईलवर येऊ द्या, ओळख काउंटरवरच ठेवा.