एका पुडीमागची गर्दी

2023 चा ऑक्टोबर महाराष्ट्रात एकाच माणसाच्या चर्चेत गेला. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात येरवडा कारागृहात असलेला आणि उपचारांसाठी म्हणून महिनोन्महिने पुण्याच्या ससून रुग्णालयात राहिलेला एक आरोपी 2 ऑक्टोबरला पोलिसांच्या पहाऱ्यातून निसटला. त्याच्या दोनच दिवस आधी ससूनच्या दाराशी दोन कोटींहून जास्त किमतीचं मेफेड्रोन, म्हणजे एमडी, पकडलं गेलं होतं. त्याच आठवड्यात मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आणला. मालाची किंमत सुमारे तीनशे कोटी. आणि 17 ऑक्टोबरच्या रात्री तो फरार आरोपी सापडला, तो आमच्या बंगळुरूजवळ.

त्या दिवसांत पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर हाच विषय असायचा. तो कसा पळाला, कुणाच्या गाडीतून गेला, त्याच्या मैत्रिणी कोण, त्याच्याकडे सोनं किती सापडलं. पण शिंदे गावात तयार होणारा तीनशे कोटींचा माल रोज नाकाने ओढणारी माणसं कोण, हे एकानेही विचारलं नाही. ती काही सगळी परग्रहावरची नसणार. त्यांतली काही आपल्याच सोसायटीच्या लिफ्टमध्ये आपल्या शेजारी उभी असणार.

मला तेव्हा स्टीव्हन सोडरबर्गचा ‘ट्रॅफिक’ पुन्हा पाहावासा वाटला. 2000 च्या अखेरीस आलेला हा अमेरिकन सिनेमा. अमली पदार्थांच्या धंद्यावर चित्रपट ढिगाने निघालेत. त्यांतल्या बहुतेकांत एक ‘डॉन’ असतो, त्याची चढती कमान असते आणि शेवटी गोळी असते. ‘ट्रॅफिक’मध्ये शंभराहून अधिक बोलणारी पात्रं आहेत आणि नायक एकही नाही. तीन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. मेक्सिकोतला एक साधा पोलिस, स्वतःच्याच वरिष्ठांच्या सावलीत वावरणारा. ओहायोतला एक न्यायाधीश, ज्याची देशाच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेचा प्रमुख म्हणून निवड होते आणि ज्याची शाळकरी मुलगी त्याच्याच घरातल्या न्हाणीघरात नशा करते. आणि सॅन डिएगोतली एक गरोदर गृहिणी, जिला नवऱ्याच्या अटकेनंतर कळतं, की आपला बंगला, गाडी, मुलाची शाळा, सगळं कोकेनवर उभं होतं.

या गोष्टींची सरमिसळ होऊ नये म्हणून सोडरबर्गने केलेली युक्ती आज चित्रपटाच्या वर्गांतून शिकवली जाते. मेक्सिकोची दृश्यं तंबाखूच्या पानासारखी पिवळट, रापलेली, कडक उन्हातली. न्यायाधीशाची दृश्यं थंड निळी. सॅन डिएगो लख्ख, उजळ. कॅमेरा दिग्दर्शकाने स्वतःच हाताळला. श्रेयनामावलीत मात्र पीटर अँड्र्यूज हे टोपणनाव दिलं. मेक्सिकोतली माणसं स्पॅनिशच बोलतात आणि अमेरिकी प्रेक्षकाला खालच्या ओळी वाचाव्या लागतात. दिग्दर्शन, पटकथा, संकलन आणि पोलिसाच्या भूमिकेतल्या बेनिसिओ देल तोरोला साहाय्यक अभिनेत्याचं, अशी चार ऑस्कर या चित्रपटाला मिळाली.

माझ्या मनातून न हललेला प्रसंग मात्र अगदी लहान आहे. न्यायाधीश सीमेवरची पाहणी आटोपून विमानाने परततोय. भोवती अधिकारी बसलेत. तो म्हणतो, नव्या कल्पना मांडा, कुणीही, काहीही, मोकळेपणाने. आणि कुणी काही बोलत नाही. इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येते. इतक्या मोठ्या यंत्रणेतल्या माणसांपाशी सांगण्यासारखं काही नाही, हे एकाही वाक्याविना दाखवणं फार थोड्यांना जमतं. पुढे पत्रकारांसमोर तयार भाषण वाचता वाचता हाच माणूस अडखळतो, कागद बाजूला ठेवतो आणि निघून जातो. चित्रपटात तो शेवटचा दिसतो तेव्हा मुलीसोबत व्यसनमुक्तांच्या बैठकीत बसलेला असतो, ऐकत.

या चित्रपटाचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. 1989 साली चॅनेल फोरवर ‘ट्रॅफिक’ याच उच्चाराची सहा भागांची मालिका आली होती. तिच्यात ब्रिटन आणि जर्मनीसोबत तिसरी गोष्ट पाकिस्तानातल्या फझल नावाच्या शेतकऱ्याची होती. अफूचं पीक हातचं गेलं म्हणून तो कराचीला येतो आणि पोटासाठी त्याच धंद्यात अडकतो. अमेरिकी चित्रपटाने या शेतकऱ्याला गाळलं आणि त्याच्या जागी पोलिस आणला. मला हे चित्रपटाचं मोठं उणेपण वाटतं. माल बनवणारा हात दिसला नाही, की प्रेक्षकाला वाटतं, हे विष सीमेपलीकडून आपोआप वाहत येतं.

आपल्याकडे तर हा हात फार जवळ आहे. एमडीला शेत लागत नाही, सीमा लागत नाही. लागते ती औद्योगिक वसाहतीतली एखादी शेड, रसायनांची जाण असलेला एखादा माणूस आणि रंग, औषधं, कीटकनाशकं बनवण्यासाठी उघडपणे विकली जाणारी रसायनं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांच्या हाती आधी पावणेदोन किलो एमडी लागलं. त्या धाग्यावरून ते दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत पोहोचले, तिथून दिल्लीला, सांगलीला. सगळा मिळून सतराशे किलोंहून अधिक मुद्देमाल निघाला, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. कुरकुंभच्या वाऱ्याला रसायनांचा वास नेहमीचाच. एका शेडमधून येणारा वास वेगळा आहे, हे शेजारच्याला कळावं तरी कसं?

साकीनाक्याची दुसरी साखळी थेट कर्नाटकात येते. एप्रिल 2025 मध्ये साकीनाक्यात एकाकडे 52 ग्रॅम एमडी सापडलं. हा आकडा नीट पाहायला हवा. 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एमडीचं ‘अल्प प्रमाण’ 2 ग्रॅम आहे आणि ‘व्यापारी प्रमाण’ 50 ग्रॅम. व्यापारी प्रमाण सापडलं की किमान दहा वर्षांची शिक्षा आणि जामीन जवळपास अशक्य. म्हणजे पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याच्या वजनाचा ऐवज माणसाचं तारुण्य घेऊन जातो. त्या 52 ग्रॅमवरून पोलिस वसईकडे गेले आणि जुलैअखेरीस म्हैसूरच्या रिंग रोडलगतच्या एका कारखान्यात. एकूण मुद्देमाल सुमारे 390 कोटींचा. दसऱ्याच्या हत्तींचं, चंदनाचं, पेन्शनरांचं म्हणून आपण ओळखतो ते म्हैसूर! मुंबईचे पोलिस येऊन छापा घालेपर्यंत गावाला पत्ता नव्हता.

आता या साखळीचा चित्रपट करायचा तर त्यात कोण कोण हवं? साकीनाक्याच्या गल्लीत पुडी विकणारा पोरगा, जो बहुतेक वेळा स्वतःच नशा करतो आणि आपल्या डोससाठी विकतो. त्याला पकडून गप्प न बसता वर वर धागा ओढणारा हवालदार. शेडचा मालक, ज्याने भाडं वेळेवर येतंय म्हणून आत डोकावून पाहिलं नाही. रसायनं विकणारा. माल घेऊन रात्रीच्या बसने राज्य ओलांडणारा. आणि दर शुक्रवारी मोबाइलवरून पैसे पाठवणारं, चांगल्या पगाराचं, चांगल्या घरचं गिऱ्हाईक. यातलं एकही पात्र गाळलं, तर गोष्ट खोटी होते. आणि भाषाही एक असून भागत नाही. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, सगळ्या लागतील.

बंगळुरूने एकदा ही गोष्ट अर्धवट सांगून पाहिली आहे. 2020 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कन्नड चित्रपटसृष्टीतलं ड्रग्ज प्रकरण गाजलं. दिग्दर्शक इंद्रजित लंकेश यांनी शहराच्या केंद्रीय गुन्हे शाखेला माहिती दिली, मग दोन अभिनेत्रींना अटक झाली. कॅमेरे त्यांच्या गाड्यांमागे धावले, वैद्यकीय तपासणीच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आठवडेच्या आठवडे त्या दोन चेहऱ्यांपलीकडे या शहराला काही दिसलं नाही. एकीला जामिनासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावं लागलं, तो जानेवारी 2021 मध्ये मिळाला. पुढे काही वर्षांनी कर्नाटक उच्च न्यायालयाने दोघींवरची प्रकरणं रद्दही केली. ती बातमी किती वाहिन्यांनी तेवढ्याच आवाजात दिली? माल आला कुठून, बनवला कुणी, पैसा गेला कुठे, हे प्रश्न तेव्हा कोपऱ्यात राहिले ते राहिलेच.

कन्नड पडद्यावर 2024 च्या ऑगस्टमध्ये दुनिया विजय यांचा ‘भीमा’ आला. बंगळुरूच्या गल्ल्यांतली नशेत बुडालेली पोरं त्यात आहेत, त्यांची भाषा अस्सल आहे. पण उत्तर शेवटी नायकाच्या मुठीत सापडतं, आणि मला ते पटत नाही.

हिंदीत या धर्तीचा खरा प्रयत्न एकच म्हणावा लागेल, अभिषेक चौबे यांचा ‘उडता पंजाब’. पहिल्याच दृश्यात अंधारात एक माणूस थाळीफेक करतो आणि त्या थाळीबरोबर हेरॉइनचं पाकीट सीमेवरून उडत येऊन शेतात पडतं. ते पाकीट उचलते बिहारहून मजुरीला आलेली मुलगी. पुढे गायक, डॉक्टर आणि पोलिस यांच्या गोष्टी तिच्या गोष्टीभोवती फिरतात. नाक्यावर पैसे घेऊन ट्रक सोडणाऱ्या पोलिसाचाच धाकटा भाऊ नशेने बेशुद्ध होऊन दवाखान्यात येतो, तेव्हा साखळीचं दुसरं टोक त्याच्या घरात आहे हे त्याला उमगतं. हा चित्रपट प्रदर्शित झाला तोही मुंबई उच्च न्यायालयामुळे. सेन्सॉर बोर्डाने तेरा ठिकाणी कात्री सुचवली होती, पंजाबचं नाव नको, शहरांची नावं नकोत म्हणून. 13 जून 2016 रोजी न्या. धर्माधिकारी आणि न्या. फणसळकर-जोशी यांच्या खंडपीठाने एकच दृश्य कापायला सांगून बाकी सगळं मोकळं केलं. गावाचं नाव घेतल्याने गावाची बदनामी होत नाही, हे कुणीतरी ठामपणे सांगायला हवंच होतं. म्हणून मीही कुरकुंभ आणि म्हैसूर ही नावं लिहायला कचरत नाही.

मराठीत ही गर्दी कुणी दाखवली? चित्रपटाआधी ती पुस्तकात आली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरली, तेव्हा अनिल अवचट वस्त्यांत, कट्ट्यांवर, मनोरुग्णालयात जाऊन त्या पोरांशी बोलले आणि ‘गर्द’ लिहिलं. त्यात पोरं आहेत, त्यांच्या आया आहेत, विकणारे आहेत, पोलिस आहेत. ‘टर्की’ हा शब्द सुशिक्षित मराठी घरांना तेव्हा कळला. नशा थांबवल्यावर हाडं मोडल्यासारखं दुखतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, उलट्या होतात, ती अवस्था म्हणजे टर्की. हे लिखाण वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. एका लिखाणातून एक संस्था उभी राहिली, आणि ती आजही माणसं घरी परत पाठवते आहे.

दोन वर्षांपूर्वी बंगळुरूच्या होसूर रोडवर निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या आवारात मी एका ओळखीच्या बाईंसोबत बसले होते. त्या साताऱ्याकडून रात्रीच्या बसने आल्या होत्या. मुलगा इथे नोकरीला, पीजीत राहणारा. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात मेथीचे लाडू. झाकणाला दोरी बांधलेली. आत मुलाला डॉक्टर तपासत होते. त्या सारखी ती दोरी सोडायच्या आणि परत बांधायच्या. मग हळूच म्हणाल्या, “ताई, हे पोलिसांना कळवावं लागतं का हो? म्हणूनच आठ महिने आम्ही कुणाला बोललो नाही.”

आठ महिने! नशेपायी वाया गेलेल्या वेळापेक्षा भीतीपायी वाया गेलेला हा वेळ मला जास्त लागला. खबरी, सापळा, पंचनामा, कोटींचे आकडे हे सगळं आपल्याला बातम्यांतून पाठ झालंय. उपचार मागायला गेलेल्या मुलाबद्दल कायदा काय म्हणतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि देशात हे कुटुंब एकटं नाही. एम्सच्या 2019 च्या पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणारेच सव्वादोन कोटींच्या आसपास निघाले.

त्या दिवशी त्या बाईंना जे सांगितलं, ते इथेही लिहिते. एनडीपीएस कायद्यात 64अ हे कलम आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारांना गेली आणि तिने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण जाऊ शकतं. बंगळुरूत निम्हान्समध्ये व्यसनोपचाराचं स्वतंत्र केंद्र आहे, पुण्यात मुक्तांगण आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446 आहे. तिथे फोन करायला पैसे लागत नाहीत. घरात शंका आली असेल, तर आजच करा.