मेट्रोप्रवासासाठी टॅबलेट निवडताना

सीताबर्डीस परस्परांना छेदणाऱ्या नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बहुतांशी उन्नत असल्यामुळे वैदर्भीय ऊन थेट पडद्यावर उतरते. म्हणून मिहानमधील कचेरी गाठण्यापूर्वी दस्तऐवज वाचून हातावेगळे करू इच्छिणाऱ्याने साठवणक्षमतेपेक्षा पडद्याची तेजस्विता आधी पाहावी, आणि ती किमान 500 निट्स असावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. उभ्याने जाणाऱ्यास साडेआठ इंची, सुमारे 300 ग्रॅमचा टॅबलेट एका हाती पेलतो. अकरा इंची, अर्ध्या किलोचा, ज्यास बसावयास जागा मिळते त्यानेच घ्यावा. चित्रपट घरूनच उतरवून घ्यावेत. वैशाखात मात्र टॅबलेट दुचाकीच्या डिकीत कदापि ठेवू नये, कारण उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि ॲपलने आयपॅडसाठी ठरविलेली तापमानाची कमाल मर्यादा वापरताना 35, तर बंद ठेवल्यावर 45 अंश आहे.