तुरुंगातील विरोधी नेता आणि परराष्ट्रांची भाषा : अन्वर इब्राहिम प्रकरणाच्या अनुषंगाने

एखाद्या देशात विरोधी पक्षाच्या नेत्याला तुरुंगात टाकले जाते, तेव्हा इतर देशांनी काय करावे? राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याचे उत्तर बहुधा एका वाक्यात मिळते : दुसऱ्याच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या कलमाचे सातवे पोटकलम आणि 1961 च्या व्हिएन्ना करारातील 41 वे कलम यांचा आधारही त्यास दिला जातो. प्रत्यक्षात मात्र या एका वाक्याभोवती बरीच हालचाल चालते. ती समजून घेण्यासाठी मलेशियाचे अन्वर इब्राहिम यांचे प्रकरण फार उपयोगी आहे.

अन्वर हे विद्यार्थी चळवळीतून पुढे आलेले नेते. 1974 मध्ये बालिंग येथील शेतकऱ्यांच्या आंदोलनाच्या वेळी ते विनाचौकशी स्थानबद्ध झाले होते. पुढे ते सत्ताधारी पक्षात गेले, शिक्षणमंत्री, अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान झाले. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांच्याशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले. 2 सप्टेंबर 1998 रोजी त्यांना पदावरून काढण्यात आले आणि 20 सप्टेंबरला अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली अटक झाली. 29 सप्टेंबरला ते न्यायालयात आले तेव्हा त्यांचा एक डोळा काळानिळा पडला होता. ही मारहाण खुद्द पोलीसप्रमुखांनी केल्याचे पुढे चौकशीत निष्पन्न झाले व त्यांना दोन महिन्यांची शिक्षा झाली. ते छायाचित्र जगभर छापले गेले. परराष्ट्र खात्यांच्या खलित्यांनी जे साधले नसते ते त्या एका छायाचित्राने साधले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पहिला आवाज शेजाऱ्यांकडूनच उठला, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 1967 साली स्थापन झालेल्या आसियान संघटनेत एकमेकांच्या घरात न डोकावण्याचा दंडक फार कसोशीने पाळला जातो. असे असूनही इंडोनेशियाचे अध्यक्ष हबिबी व फिलिपाइन्सचे अध्यक्ष एस्त्रादा यांनी उघडपणे चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी जुलैमध्ये थायलंडचे परराष्ट्रमंत्री सुरिन पित्सुवान यांनी हा दंडक थोडा सैल करावा असे सुचवले होते. बहुतेक सदस्यांनी ते मानले नव्हते. म्हणजे हबिबी आणि एस्त्रादा जे बोलले ते संघटनेच्या रिवाजाबाहेर जाऊन.

नोव्हेंबर 1998 मध्ये क्वालालंपूर येथे आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य परिषद भरली. अशा वेळी राजनयात एक मधला मार्ग असतो : परिषदेला जायचे, यजमानाशी हस्तांदोलन करायचे आणि कैद्याच्या कुटुंबीयांनाही भेटायचे. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट अन्वर यांच्या पत्नी वान अझीझा यांना भेटल्या. अशा भेटीत काही मागितले जात नाही, पण कैद्याचा विसर पडलेला नाही हे सर्वांना दिसते. उपाध्यक्ष अल गोर यांनी मात्र 16 नोव्हेंबरच्या मेजवानीत महाथिर समोर असताना सुधारणेची मागणी करणाऱ्या मलेशियन जनतेच्या धैर्याची वाखाणणी केली. परिणाम उलटा झाला. सरकारला हा विषय परकीय चिथावणीचा म्हणून मांडता आला. माझ्या मते ऑलब्राइट यांची भेट अधिक शहाणपणाची होती.

शब्दांपलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते, याचे कारण आर्थिक होते. मलेशियाने नाणेनिधीचे कर्ज घेतलेच नव्हते आणि सप्टेंबरच्या आरंभीच भांडवलावर नियंत्रणे आणून रिंगिटचा दर डॉलरला 3.80 असा बांधून टाकला होता. ज्याच्यावर कर्ज नाही त्याला अटी कोण घालणार? 1999 मध्ये सहा वर्षांची आणि 2000 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. सुटका झाली ती 2 सप्टेंबर 2004 रोजी, महाथिर पायउतार झाल्यावर, आणि तीही देशाच्याच सर्वोच्च न्यायालयात दोन विरुद्ध एक मताने.

10 फेब्रुवारी 2015 रोजी अन्वर पुन्हा तुरुंगात गेले, पाच वर्षांच्या शिक्षेवर. या वेळी ते संसदेतील विरोधी पक्षनेते होते. अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांनी निराशा व्यक्त केली. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाने ही कैद मनमानी ठरवली. पण वॉशिंग्टनला तेव्हा पॅसिफिक व्यापार करारात मलेशिया हवा होता आणि चीनच्या संदर्भातही तो दुखवायचा नव्हता. त्यामुळे निवेदन निघाले आणि वाटाघाटी चालूच राहिल्या. 1998 च्या गर्जनेशी हे ताडून पाहिले की निषेधाचा स्वर अन्यायाच्या मोजमापाने ठरत नाही, बोलणाऱ्याच्या गरजेने ठरतो, हे ध्यानात येते. 16 मे 2018 रोजी राजाने त्यांना पूर्ण माफी दिली, ती मतदारांनी सरकार बदलल्यावर. आणि निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले होते ते महाथिरच!

तरीही ती निवेदने निरर्थक होती असे नाही. त्यांनी तुरुंगाचे दार उघडले नाही, पण आतला माणूस जगाच्या नजरेआड होऊ दिला नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये अन्वर स्वतः पंतप्रधान झाले. 2025 मध्ये आसियानचे अध्यक्षपद मलेशियाकडे होते. म्यानमारमध्ये 2021 च्या लष्करी उठावानंतर आँग सान सू ची यांना कैद करण्यात आले होते. त्या देशाचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांना अन्वर एप्रिल 2025 मध्ये बँकॉक येथे भेटले. भूकंपग्रस्तांना मदत पोहोचावी आणि युद्धविराम टिकावा, हा भेटीचा विषय होता. मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी या भेटीवर टीका केली.